दाढ दुखायच्या आधी कीड कशी ओळखायची आणि दवाखान्यात ती कशी तपासतात

"कालपर्यंत काहीच नव्हतं ओ मॅडम, रात्री एकदम ठणका सुरू झाला." हे वाक्य मी आठवड्यातून दहा वेळा तरी ऐकते. सांगणारा खोटं बोलत नसतो, त्याला खरंच काही जाणवलेलं नसतं, पण तोंड उघडलं की दाढेत जो खड्डा दिसतो तो एका रात्रीत पडलेला नसतो, कधी वर्षाचा असतो कधी दोन वर्षांचा. मी डेंटल असिस्टंट आहे, गेली १४ वर्षं खुर्चीच्या डाव्या बाजूला बसून सक्शन धरते, कापूस देते आणि डॉक्टर बोलतात ते केस पेपरवर लिहिते. निदान करणं डॉक्टरांचं काम, ते मी इथे करत नाहीये. पण कीड सुरुवातीला कशी दिसते, कुठे लपते आणि दवाखान्यात ती शोधायला काय काय करतात हे इतक्या वर्षांत इतक्या तोंडांत बघितलंय की ते सगळ्यांना नीट सांगावं असं फार मनापासून वाटतं, कारण वेळेत दिसली तर कीड थांबते आणि उशिरा दिसली तर रूट कॅनल नाहीतर दाढ काढणं एवढंच हातात उरतं.

आधी एक गोष्ट साफ करू. आपण "कीड" म्हणतो म्हणून लोकांना वाटतं आत किडा असतो. अजूनही काही ठिकाणी भुईरिंगणीच्या बियांचा धूर तोंडात घ्यायला लावतात आणि पाण्यात काहीतरी दाखवून "हा बघा निघाला" म्हणतात. दाढेत किडा राहतच नाही, त्यामुळे जे दाखवतात ते दाढेतून आलेलं नसतं. पिएर फोशार नावाच्या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ सालीच आपल्या ग्रंथात ही दातातल्या किड्याची समजूत नाकारली होती, म्हणजे जवळजवळ ३०० वर्षं झाली. खरं काय होतं, तर दातावर जो चिकट थर बसतो त्यात जंतू असतात, आपण साखर किंवा मैद्याचं काही खाल्लं की ते त्याचं आम्ल करतात, तोंडातला पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताच्या वरच्या कठीण थरातून, म्हणजे इनॅमलमधून, कॅल्शियम आणि फॉस्फेट बाहेर पडायला लागतं. मग लाळ हळूहळू ते आम्ल धुऊन काढते आणि गेलेलं थोडं थोडं परत भरते, पण याला अर्धा तास ते तासभर लागतो. आता सकाळी चहा-बिस्कीट, दहाला परत चहा, मग शेजारणीने दिलेली चिक्की, चारला चहा, असं दिवसभर चालू असेल तर लाळेला भरपाई करायला वेळच मिळत नाही. किती गोड खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे जास्त महत्त्वाचं, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

घरी कसं बघायचं

सकाळी ब्रश झाल्यावर बघा, जेवल्यावर नको, अन्न चिकटलेलं असलं की काहीच कळत नाही. खिडकीजवळ बसा किंवा मोबाईलचा टॉर्च घ्या. हात धुवा, एका बोटाने गाल बाजूला ओढा, आणि मग सगळ्यात महत्त्वाचं, दात कोरडा करा. स्वच्छ कापूस किंवा धुतलेला रुमाल घेऊन दात पुसा आणि लाळ परत यायच्या आत बघा. स्वतःच्या मागच्या दाढा आरशात दिसत नाहीत, तिथे घरातल्या कोणालातरी टॉर्च धरायला सांगा किंवा मोबाईलने फोटो काढा. बघायचा क्रम दर वेळी तोच ठेवा, उजवीकडून वरच्या दाढा, समोरचे, डावीकडच्या, मग खाली तसंच परत. नाहीतर दुखरी बाजू तेवढी बघितली जाते आणि बाकीचं राहून जातं. फोटो तारखेसकट ठेवा, सहा महिन्यांनी तुलना करायला फार उपयोगी पडतो, आमचे डॉक्टर पण पेशंटने असा जुना फोटो दाखवला की खूश होतात.

कोरडं करा म्हणून इतकं का सांगते ते ऐका. आमच्याकडे एक कॉलेजची मुलगी आली होती, ब्रेसेस नुकत्याच निघालेल्या, दात सरळ झाले म्हणून खूप आनंदात होती. दात ओले असताना सगळं छान दिसत होतं. डॉक्टरांनी हवेच्या पिचकारीने वरच्या सुळ्यावर पाचेक सेकंद हवा मारली आणि माझ्या डोळ्यांसमोर तिथे पांढरी चौकट उमटली, खडूने काढल्यासारखी, बरोबर मधे ब्रॅकेट, म्हणजे ब्रेसेसचा दाताला चिकटवलेला छोटा तुकडा, होतं ती जागा चांगली आणि भोवती पांढरं. हवा बंद झाली, लाळ आली, चौकट परत पुसट झाली. ही कीडच आहे, अगदी पहिली पायरी. इनॅमलमधून खनिज गेलं की बारीक बारीक छिद्रं पडतात, ओलं असताना त्यात पाणी भरलेलं असतं म्हणून ती लपतात, वाळलं की पाण्याच्या जागी हवा येते आणि प्रकाश विखुरतो म्हणून पांढरं दिसतं. फक्त वाळवल्यावर दिसणारा डाग म्हणजे सुरुवात, आणि ओल्या दातावर पण दिसायला लागला म्हणजे कीड आणखी आत गेलीय.

या पायरीवर खड्डा नसतो, दुखत नसतं, आणि हीच एक वेळ असते जेव्हा ड्रिल न लावता कीड थांबवता येते, फ्लोराईड लावून, नीट ब्रश करून आणि मधलं मधलं खाणं कमी करून. म्हणून हा पांढरा डाग ओळखायला शिका. तो बहुतेक वेळा हिरडीच्या कडेने पट्ट्यासारखा असतो, जिथे थर साचतो तिथे, आणि त्याची चमक गेलेली असते.

पांढऱ्याच्या पुढे काय काय दिसतं

दाढेच्या वरच्या खाचा हे किडीचं सगळ्यात आवडतं ठिकाण. तिथे ब्रशचा केस आत जातच नाही. खाचेत तपकिरी काळी रेघ दिसली की लोक घाबरतात, पण प्रत्येक काळी रेघ कीड नसते, चहा-कॉफीचा डाग पण असतो, आणि कधीकधी थांबलेली जुनी कीड असते. इथे लोकांचा समज बरोबर उलटा आहे. काळी, कडक, चकचकीत असेल तर ती बहुतेक थांबलेली असते, आणि पिवळट किंवा फिकट तपकिरी, ओलसर, मऊ असेल तर ती जोरात चाललेली असते. त्यामुळे "काळं नाहीये ना, मग ठीक आहे" असं मनात आणू नका.

मग येते सावली. दाढेचा वरचा भाग अखंड दिसतो पण आतून राखाडी, निळसर काहीतरी डोकावतं. हे मला सगळ्यात फसवं वाटतं. इनॅमल कडक, त्याच्या खालचं डेंटिन मऊ, कीड इनॅमलमधून बारीक वाटेने आत शिरते आणि डेंटिनला पोचली की आडवी पसरते. वाळवी लागलेली दाराची चौकट असते ना, वरून रंग शाबूत आणि बोट दाबलं की आत भुसा, अगदी तसं. म्हणून पेशंट म्हणतात "बारीक भोक होतं, डॉक्टरांनी उगाच मोठा खड्डा केला". उगाच नाही केला, खड्डा आत आधीच होता, वरचं पातळ छप्पर तेवढं काढलं. बाहेरून टाचणीच्या टोकाएवढं भोक आणि आत ज्वारीचा दाणा बसेल एवढी पोकळी हे मी कितीदा बघितलंय.

आणि तिसरं ठिकाण म्हणजे दोन दातांच्या मधलं. हे आरशात दिसतच नाही. पण खुणा असतात. दर वेळी त्याच फटीत मेथीची काडी नाहीतर मटणाचा धागा अडकतो, फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटी साफ करायचा दोरा, घातला की तिथेच तुटतो किंवा त्याला वास येतो. अशी जागा असेल तर दवाखान्यात बोट ठेवून सांगा. तिथे आगपेटीची काडी, सेफ्टी पिन असलं काही घालू नका, हिरडी फाडून आलेले लोक आमच्याकडे नेहमी येतात.

साठीच्या पुढच्या लोकांसाठी वेगळं सांगते. हिरडी खाली सरकली की दाताचं मूळ उघडं पडतं आणि मुळावर इनॅमल नसतं, तिथे कमी आम्लाने पण कीड लागते आणि ती गोल गोल पसरत जाते. त्यात बीपीच्या, झोपेच्या किंवा डिप्रेशनच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, शुगर असेल तरी पडतं, आणि लाळ कमी म्हणजे संरक्षण गेलं. आजी-आजोबा कोरड्या तोंडासाठी दिवसभर खडीसाखर किंवा गोळी चघळतात, ते तर फारच वाईट.

दुखण्यावरून काय कळतं

इनॅमलला नस नाही, त्यामुळे कीड इनॅमलमध्ये असेपर्यंत दुखतच नाही. डेंटिनमध्ये गेली की गार किंवा गोड लागल्यावर कळ येते आणि गारवा गेला की काही सेकंदात थांबते. ही अवस्था साधारण फिलिंगवर निभावते. पण कळ सुरू झाली आणि पाणी गिळून झाल्यावर पण मिनिटभर, दोन मिनिटं, दहा मिनिटं चालूच राहिली, किंवा गरम चहाने ठणका लागतो आणि गार पाण्याने बरं वाटतं, किंवा काही न खाता रात्री आडवं झाल्यावर आपोआप ठणकतं, कानशिलापर्यंत जातं, तर नसेला सूज आलीय आणि ती बहुतेक मागे फिरत नाही. तेव्हा रूट कॅनलचं बोलणं सुरू होतं. म्हणून दवाखान्यात नुसतं "दुखतंय" सांगू नका, कशाने सुरू होतं, किती वेळ टिकतं, आपोआप होतं का, रात्री उठवतं का, हे चार मुद्दे सांगा. डॉक्टरांचं निम्मं निदान तिथेच होतं.

दुखणं एकदम थांबलं तर? लोक म्हणतात बरं झालं, गेलं. हे वाचणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावं अशी माझी खरंच विनंती आहे. आठवडाभर ठणकणारी दाढ उपचार न करता शांत झाली म्हणजे बहुतेक आतली नस मेली. मग जंतू मुळाच्या टोकातून हाडात जातात, काही आठवड्यांनी चावलं की दुखतं, दाढ उंच झाल्यासारखी वाटते, हिरडीवर पुळी येते, फुटते, खारट पू येतो, परत भरते.

आणि कुठली दाढ दुखते ते पेशंटला नेमकं कळतं असं पण नाही. वरच्या दाढेचं दुखणं खालची म्हणून सांगतात, खालची असेल तर कान दुखतो म्हणून सांगतात. सर्दी-सायनस झालं की वरच्या मागच्या सगळ्याच दाढा एकदम दुखतात, खाली वाकलं की जास्त, तिथे कीड नसते. आणि चालताना, जिना चढताना डाव्या जबड्यात दुखतं आणि बसलं की थांबतं, सोबत छातीत दडपण किंवा घाम, तर ते दाताचं नाही, ताबडतोब हृदयाचा डॉक्टर गाठा.

किडीसारखं दिसतं पण कीड नसतं

चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या भागातल्या बऱ्याच गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे. तिकडच्या मुलांच्या दातांवर पांढरे ढगाळ पट्टे, तपकिरी डाग असतात. तो फ्लुओरोसिस. फरक असा की तो डाव्या-उजव्या दोन्हीकडे सारखा असतो, आडव्या रेषांत असतो, आणि दात आला तेव्हापासूनच असतो. किडीचा पांढरा डाग एखाद्या दातावर, हिरडीच्या कडेला, आणि नंतर आलेला. मशेरी लावणाऱ्या बायकांचे दात काळे असतात, त्या डागाखाली कीड आहे का ते सफाई केल्याशिवाय डॉक्टरांना पण सांगता येत नाही, आणि मशेरी हा जाळलेला तंबाखूच आहे, तोंडाचा कॅन्सर त्यानेही होतो, तेवढं तरी सोडा. जोरात आडवा ब्रश घासून हिरडीजवळ दाताला जी खाच पडते ती पण कीड नाही, ती गुळगुळीत आणि कडक असते, गार मात्र जबरदस्त लागतं. चावून सोडताना एकदम कळ येते, दिसत काहीच नाही, तर दाताला चीर असू शकते.

दवाखान्यात काय होतं ते क्रमाने

आधी विचारपूस. शुगर, बीपी, चालू गोळ्या, दिवसातून किती वेळा खाता, हे सगळं खरं सांगा. प्रेग्नंट असाल तर ते पण. मग दात साफ करतात, कारण थराखालचं काही दिसत नाही. मग हवा मारून एकेक दात कोरडा करून आरशाने बघतात. डॉक्टर बोलत जातात आणि मी लिहीत जाते, "३६ ऑक्लुजल, ४६ फिलिंग, १५ बघायचाय". ऑक्लुजल म्हणजे दाढेचा चावायचा माथा. हे आकडे घाबरण्यासारखे नाहीत, पहिला आकडा तोंडाचा कुठला चतुर्थांश, उजवा वरचा १, डावा वरचा २, डावा खालचा ३, उजवा खालचा ४, आणि दुसरा मधल्या रेषेपासून कितवा दात. म्हणजे ३६ ही खालची डावी पहिली मोठी दाढ. दुधाच्या दातांना ५ ते ८ ने सुरुवात. तुमच्या केस पेपरवर असलं काही लिहिलेलं असेल तर आता वाचता येईल. काही ठिकाणी प्रत्येक दाताला ० ते ६ असा किडीचा टप्पा पण देतात, ० म्हणजे निरोगी, १ म्हणजे वाळवल्यावर दिसणारा डाग, ६ म्हणजे मोठा खड्डा.

टोकदार हुकासारखं हत्यार असतं त्याला प्रोब म्हणतात. पूर्वी ते खाचेत दाबून अडकतं का बघायचे. आता चांगले डॉक्टर तसं दाबत नाहीत, कारण सुरुवातीच्या किडीवरचा पातळ थर त्या टोकाने मोडतो आणि बरा होऊ शकणारा डाग खड्डा होऊन बसतो. बारीक गोळी असलेल्या बोथट टोकाने हलकेच फिरवून खरखरीत आहे का मऊ आहे ते बघतात.

मग एक्सरे. यावरून फार वाद घालतात लोक, "पैसे काढायला एक्सरे". दोन दाढांच्या मधली कीड बघायला दुसरा सोपा मार्ग फारसा नाही. त्यासाठी बाईटविंग नावाचा एक्सरे असतो, सेन्सर किंवा फिल्म चावून धरायची, वरच्या-खालच्या दाढांचे माथे एकत्र येतात आणि किडीची जागा काळसर दिसते. मुळापर्यंत बघायचं असेल तर छोटा एक्सरे, त्याला आयओपीए म्हणतात. अख्ख्या जबड्याचा मोठा ओपीजी अक्कलदाढेला वगैरे छान, पण बारीक कीड त्यात नीट दिसत नाही. छोट्या एक्सरेचं रेडिएशन साधारण एका दिवसात निसर्गातून मिळतं तेवढंच असतं. पण एक्सरेची पण मर्यादा आहे, खनिज साधारण ३० ते ४० टक्के गेल्याशिवाय कीड त्यात दिसत नाही, म्हणजे फिल्मवर दिसते त्यापेक्षा ती प्रत्यक्षात थोडी पुढेच असते. म्हणून नुसता एक्सरे किंवा नुसते डोळे यावर निर्णय घेत नाहीत, दोन्ही जुळवून बघतात. काही दवाखान्यांत लेझरचं पेन असतं, खाचेवर धरलं की आकडा दाखवतं, पण डाग किंवा थर असला की तो आकडा उगाच वाढतो, त्यामुळे एकट्या आकड्यावर ड्रिल लावायला कोणी सांगितलं तर शांतपणे विचारा की अजून कशावरून दिसतंय.

खोल कीड असेल तर नस जिवंत आहे का बघतात. कापसाच्या बोळ्यावर गार स्प्रे मारून आधी चांगल्या दाताला लावतात, मग संशयित दाताला. चांगल्याला गार लागून लगेच जातं. संशयिताला लागून राहिलं तर सूज, काहीच लागलं नाही तर नस मेलेली असू शकते. तेव्हा बहादुरी करून "नाही नाही काही नाही" म्हणू नका, जाणवलं की हात वर करा. मग आरशाच्या दांड्याने हलकं ठोकून बघतात, ठोकल्यावर दुखलं तर सूज मुळाच्या टोकाशी पोचलीय. हिरडीवर पुळी असेल तर तिच्या तोंडातून गटापर्चाची, म्हणजे रबरासारख्या मऊ पदार्थाची, बारीक काडी आत सरकवून एक्सरे काढतात, काडी ज्या मुळाकडे जाते तो दात दोषी.

निघायच्या आधी हे विचारून घ्या: कीड इनॅमलमध्ये आहे का डेंटिनमध्ये का नसेपर्यंत, चालू आहे का थांबलेली, आणि नुसतं लक्ष ठेवायचं असेल तर परत कधी यायचं. खर्चाची अडचण असेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे सरकारी दंत महाविद्यालयं आहेत, वेळ जास्त लागतो पण तपासणी नीट होते.

लहान मुलांचं

बाळ बाटली तोंडात धरून झोपत असेल तर महिन्यातून एकदा त्याचा वरचा ओठ वर करून बघा. तिथली कीड वरच्या समोरच्या दातांना आधी लागते, खालच्या समोरच्यांना जिभेचं आणि लाळेचं संरक्षण असतं म्हणून ते वाचतात. दुधाच्या दाताचं इनॅमल पातळ, त्यामुळे पांढऱ्या डागापासून खड्ड्यापर्यंत काही महिनेच लागतात.

आणि सहा वर्षांची दाढ. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे एक नवीन मोठी दाढ येते. ती येताना कुठलाच दात पडत नाही, म्हणून आईवडील तिला दुधाचीच समजतात, "पडेल ती, जाऊ दे". ती पडत नाही, आयुष्यभराची असते. रोज दुसऱ्यांची तोंडं बघणारी मी, माझ्या स्वतःच्या मुलाची ही दाढ मी बघितली नाही. साडेसात वर्षांचा होता, मला वाटलं घास बाजूला ठेवतो तो खोडकरपणा. तो एकाच बाजूने चावत होता. डॉक्टरांनी हवा मारली आणि ४६ च्या खाचेभोवती राखाडी सावली दिसली, तेव्हा पेपरवर तो आकडा लिहिताना माझा हात थांबला. तर मुलांच्या तोंडात मधल्या रेषेपासून मोजा, सहावा दात दिसला की तो कायमचा, आणि खाचा खोल असतील तर डॉक्टरांना सीलंटबद्दल, म्हणजे खाचा बुजवणाऱ्या पातळ लेपाबद्दल, विचारा.

थांबायचं नाही अशी वेळ

गाल किंवा जबड्याखाली सूज पसरतेय, ताप आहे, तोंड उघडत नाही, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होतोय, जीभ वर उचलल्यासारखी वाटतेय, तर क्लिनिक उघडायची वाट बघू नका, रात्री का असेना मोठ्या हॉस्पिटलला जा, ही सूज श्वासनलिका बंद करू शकते. तोपर्यंत गालाला शेक देऊ नका. ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर ठेवू नका, हिरडी भाजते. मेडिकलमधून आणलेल्या अँटिबायोटिकने सूज उतरली तरी दाढेतली कीड जागेवरच असते, त्यामुळे सूज उतरली तरी दुसऱ्या दिवशीची अपॉइंटमेंट कॅन्सल करू नका.